रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हाती

लहान मुलाची दाढ किडली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘दुधाचीच दाढ आहे, पडेलच थोड्या दिवसांनी.’ हे ‘थोडे दिवस’ किती, ते एकदा मोजून पाहावे. दुधाच्या सगळ्यांत मागच्या दाढा मूल दोन-अडीच वर्षांचे होते तेव्हा येतात आणि पडतात दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. म्हणजे बालवाडीपासून पाचवी-सहावीपर्यंतची सगळी भाकरी-चपाती, शेंगदाणे आणि फुटाणे मुलाला याच दाढांनी चावायचे असतात. वाढीची सगळी महत्त्वाची वर्षे ज्या दातांवर निघतात, त्यांना तात्पुरते म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

दुधाचे दात एकूण २०. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालच्या हिरडीत पुढे डोकावतो आणि तिसऱ्या वाढदिवसापर्यंत वीसच्या वीस दात आलेले असतात. त्यांच्या मुळांशी, जबड्याच्या हाडात, पक्क्या दातांचे अंकुर वाढत असतात. दुधाच्या दाढेची कीड मुळापर्यंत जाऊन तिथे पू झाला, तर त्या अंकुराला इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागची पक्की दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि त्या जागी यायच्या दाताची वाट अडते. पुढे वेडेवाकडे आलेले दात तारा लावून सरळ करत बसावे लागते, त्यामागे कधी कधी अशी लवकर गेलेली दुधाची दाढ असते.

ठणक्याचे दुःख तर वेगळेच. तीन-चार वर्षांचे मूल ‘माझी उजवीकडची दाढ दुखते’ असे सांगत नाही. ते एकाच बाजूने चावते, भाकरी बाजूला सारून वरणभात मागते, रात्री उठून रडते. आईवडिलांना वाटते, खाण्याचे नखरे चाललेत. तोंड उघडून पाहावे असे कुणाच्या मनातच येत नाही.

या प्रकरणात पुष्कळ गोष्टी येणार आहेत, पण गाभा एकच आहे. मुलाला दात घासायची सवय लावायची, तर त्याचे दात रोज घासून देण्याची सवय आधी मोठ्यांनी लावून घ्यावी लागते. मुलाचा हात त्या कामाला तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात. तोवर ब्रश आपल्या हातात हवा.

कीड लागते कशी

दातात अळी शिरते आणि ती दात पोखरते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडणारे’ गावोगाव फिरत. प्रत्यक्षात दातात अळी नसते. दात किडतो तो आम्लामुळे, आणि ते आम्ल तयार करतात तोंडातले जिवाणू. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा मुख्य. दातावर जो पिवळसर-पांढरा चिकट थर बसतो, त्यात हे जिवाणू राहतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की त्यांनाही खाणे मिळते आणि ते आम्ल सोडू लागतात.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी दंतवैद्यकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातावरच्या थरात काय होते, ते मोजले. काही मिनिटांतच तिथला पीएच झपाट्याने उतरला आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागला. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कडक कवचातले, म्हणजे एनॅमलमधले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन टाकते, आणि निघून गेलेली खनिजे थोडी थोडी परत आणून बसवते. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. भरपाईपेक्षा झीज जास्त झाली, आणि तसे महिनोन्‌महिने होत राहिले, की खड्डा पडतो.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी या प्रक्रियेला वेग देतात. दुधाच्या दातांवरचे एनॅमल पक्क्या दातांच्या मानाने जवळजवळ निम्मेच जाड असते, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपी गेले, की ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते आणि धुऊन काढायला लाळ नसते. म्हणूनच बाटलीने होणारी कीड नेमकी वरच्या चार पटाशीच्या दातांपासून सुरू होते. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण चोखताना त्यांच्यावर जीभ असते आणि लाळेच्या ग्रंथीही जवळच उघडतात.

या किडीची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळाजवळ, खडूने ओढावी तशी निस्तेज पांढरी रेघ दिसते. महिन्यातून एकदा मुलाला खिडकीच्या उजेडात बसवावे, वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर उचलावा आणि ती रेघ दिसते का पाहावे. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड, नियमित ब्रश आणि खाण्यात बदल एवढ्यावर कीड थांबवता येते, बऱ्याचदा परतवताही येते. रेघ तपकिरी होऊन दात उकरल्यासारखा दिसू लागला की मग डॉक्टरांच्या खुर्चीशिवाय गत्यंतर नाही.

किती गोड, यापेक्षा किती वेळा

साखर आणि दात यांच्या नात्याबद्दल आपल्याला जे ठामपणे कळले, त्यातला मोठा भाग एका क्लेशदायक प्रयोगातून आला आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संस्था होती. १९४५ पासून काही वर्षे तिथल्या रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घालून त्यांच्या दातांचे काय होते ते नोंदवले गेले. त्यांची संमती कुणी घेतली नाही, आणि अनेकांचे दात त्यात कायमचे गेले. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, करूही नये. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांच्या दातांची हानी थोडी होती. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची मात्र दैना झाली. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचे. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी द्यायची रीत पडली, तिचे मूळ या निष्कर्षांत आहे.

आता आपल्याकडच्या चार वर्षांच्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी दुधात बुडवलेले बिस्किट, बालवाडीच्या डब्यात जॅम-पोळी, दुपारी घरी आल्यावर आजोबांनी खिशातून काढून दिलेली गोळी, संध्याकाळी टोस्ट, खेळून आल्यावर शेजारच्या काकूंनी दिलेली चिक्की, झोपताना पुन्हा साखरेचे दूध. एकेक वस्तू चिमूटभरच, पण दातांवर आम्लाचे सहा हल्ले झाले. लाळेला भरपाई करायला उसंतच मिळाली नाही. बिस्किट आणि टोस्ट यांना आपण गोड धरत नाही, पण त्यांचा लगदा दाढेच्या खाचांत घट्ट बसतो आणि तासभर तिथेच राहतो.

मराठी जेवणाच्या पद्धतीत यावरचा उपाय आधीच आहे. आपल्याकडे शिरा, श्रीखंड किंवा पुरणपोळी ताटातच वाढतात, वरणभात, भाजी, कोशिंबिरीच्या जोडीने. जेवताना लाळ भरपूर सुटते, वर पाणी प्यायले जाते, आणि सगळे एका बैठकीत संपते. मुलाला गोड द्यायचे तर असे जेवणातच द्यावे. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे (अगदी लहान मुलाला नको, ते घशात अडकू शकतात), काकडी, उकडलेले अंडे, ताक, धिरडे, केळे यांतले काहीही चालेल. तहान लागली तर पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की दिवसभराच्या एकूण ऊर्जेत वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगले.

लपलेली साखरही ओळखायला हवी. खोकल्याची औषधे बहुधा गोड पाकात असतात, होमिओपॅथीच्या गोळ्या साखरेच्याच असतात. औषध चुकवायचे नाही, पण ते दिल्यावर दोन घोट पाणी पाजावे आणि रात्रीचा डोस ब्रश करण्याआधी द्यावा. चोखणीला मध लावून बाळाच्या तोंडात देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच नको, त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बाटली सोडवून पेला हातात द्यावा. अंगावरचे दूध बाळासाठी उत्तमच आहे. वर्ष उलटल्यावर रात्री वारंवार पाजत असाल, तर दिवसा आणि झोपण्यापूर्वी दात नीट साफ होतील याची जास्त काळजी घ्यावी, इतकेच.

तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

पहिला दात दिसला की त्या दिवसापासून ब्रश सुरू. बाळासाठीचा छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घ्यावा, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. तिसऱ्या वर्षानंतर ती वाटाण्याएवढी करावी. जाहिरातीत ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दिसते, तेवढी मुलाला कधीच लागत नाही.

फ्लोराइडची गोष्ट अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावात सुरू झाली. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्यक तिथे दाखल झाला, तेव्हा अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. पुढे लक्षात आले की डागाळलेले हे दात किडतात मात्र कमी. पाण्यात फ्लोराइड फार आहे, हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. योग्य प्रमाणात असेल तर फ्लोराइड दाताची भरपाई जलद करते आणि नवे एनॅमल आम्लापुढे जास्त टिकाव धरते. प्रमाण ओलांडले तर दात घडण्याच्या वयात त्यांच्यावर डाग उमटतात. प्रमाण सांभाळायचे ते यासाठी.

भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालते. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असते किंवा नसतेच. खोक्यावरचे चित्र पाहण्याआधी मागच्या बाजूचा आकडा वाचावा. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. अशा गावात बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि मुलाच्या पेस्टबद्दल दंतवैद्यकांना विचारावे.

घासून झाल्यावर मुलाने फेस थुंकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. दातांवर राहिलेला फ्लोराइडचा पातळ थर रात्रभर काम करतो. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड यांनी एनॅमल घासले जाते, त्या नकोतच. कडुनिंबाच्या काडीने थर निघतो, पण तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही आणि लहान मुलाच्या हिरडीला ती टोचते. आणखी एक नाजूक विषय मशेरीचा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ मध्येच बंदी आली, तरी अनेक घरांत आजी रोज सकाळी मशेरी लावते आणि नातवंड तिच्याशेजारी बसून ते पाहत असते. बघता बघता तेही बोट त्या डबीत घालते. आजीचा मान राखून, पण स्पष्टपणे, हे तिच्याशी बोलायला हवे. नातवंडासमोर ती ब्रश करू लागली, तर दोघांचेही भले होईल.

मांडीवर डोके, हातात ब्रश

मुलाला ब्रश देऊन ‘जा, दात घासून ये’ असे सांगितले की ते पुढचे चार दात घासते, पेस्ट चाटते आणि परत येते. त्यात त्याचा दोष नाही. मनगट फिरवून मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला ब्रश नेणे हे बारीक कौशल्याचे काम आहे. बुटाची नाडी स्वतः बांधता येऊ लागते, सुमारे त्याच काळात हातात हे कसब येऊ लागते. तोवर त्याने हौसेने घासावे, आणि शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. जपानमध्ये घरोघरी अशीच रीत आहे.

बेसिनपाशी उभे राहून हे नीट जमत नाही. जमिनीवर किंवा पलंगावर मांडी घालून बसावे, मुलाला उताणे झोपवून त्याचे डोके मांडीवर घ्यावे. आता वरचे-खालचे सगळे दात उजेडात दिसतात. डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओठाच्या आत आडवी ठेवावी. ओठ आणि हिरडी यांना जोडणारा एक मांसल पडदा मध्यभागी असतो, त्याला ब्रश लागला की झोंबते. मूल तोंड मिटून घेते ते पुष्कळदा एवढ्यामुळेच. बोटाने तो झाकला की रडणे निम्मे कमी होते. ब्रश पेन्सिलसारखा हलका धरावा आणि दात हिरडीला भेटतो तिथे तिरपा टेकवून लहान लहान गोल फिरवावा. मग तीच तर्जनी गालाच्या आत सरकवून गाल थोडा बाहेर ओढावा, म्हणजे वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला ब्रशला जागा होते. शेवटी दाढांचे चावायचे पृष्ठभाग मागेपुढे घासावेत. क्रम रोज तोच ठेवला की एकही दात सुटत नाही, आणि आता काय होणार ते मुलालाही माहीत असते.

सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. दिवसातून दोनदा घासायचे आहेच, पण सकाळच्या घाईत एखादे वेळी कमी-जास्त झाले तरी रात्रीचा ब्रश सोडू नये. आणि त्यानंतर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ देऊ नये.

सवय बसते कशी

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखादी नवी कृती आपसूक घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून आठवड्याभरात मूल ऐकत नाही, असे म्हणून निराश व्हायचे कारण नाही.

नवी कृती जुन्या कृतीला बांधली की ती लवकर रुळते. जेवण, मग ब्रश, मग अंथरुणात गोष्ट, हा क्रम ठरवून टाकावा. घड्याळापेक्षा क्रम मुलाला लवकर कळतो. दोन ब्रश समोर ठेवून ‘आज लाल की निळा?’ असे विचारावे. ‘घासायचे का?’ असे विचारूच नये. घासता घासता एक ठरलेले गाणे म्हणावे, गाणे संपले की काम संपले. आईबाबांनी त्याच वेळी आपलेही दात घासावेत, कारण मूल ऐकण्यापेक्षा पाहून जास्त शिकते. बक्षीस म्हणून चॉकलेट नको. ‘दात घासले नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी तर कधीच नको. उद्या खरोखर डॉक्टरांकडे जायची वेळ येईल, तेव्हा ती भीती आपल्यालाच निस्तरावी लागेल.

डॉक्टरांची पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी, काही दुखत नसताना. खुर्ची, दिवा, छोटा आरसा यांची ओळख बिनदुखण्याची असली की पुढच्या भेटी सोप्या जातात. कीड लागलीच असेल, तरी हल्ली प्रत्येक वेळी ड्रिलच लागते असे नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडलेल्या भागावर नुसते लावले तरी कीड पुष्कळदा थांबते. तो भाग काळा पडतो, पण लहान मुलाचे इंजेक्शन आणि भूल टळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

सहाव्या वर्षी मात्र आईवडिलांनी खास लक्ष ठेवावे. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कुणाला कळत नाही आणि कळले तरी ‘दुधाचीच असेल’ असे वाटते. ही दाढ आयुष्यभराची आहे. तिच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. ती पुरती वर आली की दंतवैद्यकांकडून त्या खाचा सीलंटने बुजवून घ्याव्यात. त्यात दुखत काहीच नाही.

अंगणवाडीतला ब्रश

हे सगळे घरात करायला हवे, हे खरे. पण हंगामात ऊसतोडीला बाहेरगावी जाणारे किंवा दोन पाळ्यांत काम करणारे आईबाप रोज रात्री मुलाला मांडीवर घेऊ शकतीलच, असे नाही. त्यांच्या मुलांचे दात वाचवण्याची जबाबदारी एकट्या घरावर टाकून चालणार नाही.

स्कॉटलंडने यासाठी चाइल्डस्माइल हा कार्यक्रम उभा केला. त्यात नर्सरीतली सगळी मुले रोज एकत्र, शिक्षकांच्या देखरेखीखाली, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. २००३ मध्ये तिथल्या पहिलीच्या वर्गात कीड दिसत नसलेली मुले निम्म्याहून कमी होती. २०२० पर्यंत ती जवळजवळ तीन-चतुर्थांश झाली.

आपल्याकडे ही घडी बसवायला लागणारे बरेच काही जागेवर आहे. अंगणवाडीत मुले रोज येतात, खातात, खाण्याआधी हात धुतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, आणि त्यात दातही पाहिले जातात. २०२३ मध्ये राज्याने स्वच्छ मुख अभियानही हाती घेतले. यात प्रत्येक मुलाच्या नावाचा एक ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट आणि ताईंच्या देखरेखीखालची रोजची दोन मिनिटे यांची भर घालता येईल. पालकसभेत हा विषय मांडावा, ग्रामपंचायतीकडे त्यासाठी तरतूद मागावी. आपल्या मुलाचा दात आपण घरी वाचवू. गावातल्या प्रत्येक मुलाचा दात वाचवायचा असेल, तर ती मागणी मोठ्यांनाच करावी लागेल.